अन्नवेष्टनावरील मजकूर आणि दडलेले ग्लुटेन : सेलिअ‍ॅक विकाराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

सेलिअ‍ॅक या विकारावर आजमितीस कोणतेही औषध उपलब्ध नाही. गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन आहारातून आयुष्यभर पूर्णपणे वगळणे हाच त्यावरील एकमेव उपचार आहे. त्यामुळे अन्नाच्या वेष्टनावरील घटकसूची हीच अशा रुग्णाची औषधचिठ्ठी ठरते. ही सूची कशी वाचावी, तिच्या मर्यादा कोणत्या आणि महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात ग्लुटेन कोणत्या परिचित पदार्थांतून नकळत पोटात जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखाच्या अखेरीस महाविद्यालयांच्या भूमिकेचा विचार मांडला आहे.

बीजशब्द : सेलिअ‍ॅक विकार, ग्लुटेन, घटकसूची, बांधानी हिंग, अन्नवेष्टन, आहारसाक्षरता

१. प्रस्तावना

मधुमेही व्यक्तीने साखर टाळावी, हे आपल्या समाजाला आता समजावून सांगावे लागत नाही. लग्नाच्या पंगतीतही अशा व्यक्तीला जिलेबीचा आग्रह होत नाही. परंतु 'मला पोळी चालत नाही' असे एखाद्या विद्यार्थ्याने सांगितले, तर त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले जाते. 'अर्धी पोळी खाल्ल्याने काय होणार आहे?' हा प्रश्न प्रेमापोटीच विचारला जातो. पण सेलिअ‍ॅक विकार असलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने तो घातक ठरू शकतो.

पोळी ओळखून टाळता येते. खरी अडचण जेथे गहू डोळ्यांना दिसत नाही तेथे असते. आमटीच्या फोडणीत, चिवड्याच्या मसाल्यात, ज्वारीच्या पिठात किंवा 'नाचणी' असे ठळकपणे लिहिलेल्या बिस्किटात गहू असेल अशी शंकाही येत नाही. दडलेल्या ग्लुटेनचा शोध घेणारी सामग्री बहुधा परदेशी आहाराला अनुसरून लिहिलेली असते. तिच्यात ब्रेड, पास्ता, बिअर व सॉस यांचा ऊहापोह असतो. हिंग, भाजणी व गिरणी यांचा नसतो. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

२. सेलिअ‍ॅक विकाराचे स्वरूप

सेलिअ‍ॅक हा स्वयंप्रतिकार विकार आहे. शरीराची संरक्षणयंत्रणा ग्लुटेनच्या संपर्कानंतर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर आघात करते. या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषून घेण्याचे कार्य त्यांच्याकडे असते. हे रसांकुर झिजून सपाट झाले, की पोटभर जेवूनही शरीर उपाशी राहते. लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांचे शोषण नीट होत नाही. परिणामी वारंवार जुलाब, पोट फुगणे, वजन न वाढणे, मुलांची उंची खुंटणे, औषधे घेऊनही न हटणारा पांडुरोग, हाडांचा ठिसूळपणा अशी विविध लक्षणे दिसू शकतात. काही रुग्णांत पोटाची तक्रार जवळजवळ नसतेच. त्यामुळे निदानास अनेक वर्षे लागतात.

हा विकार ज्यांना होतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू २ किंवा एचएलए-डीक्यू ८ ही आनुवंशिक चिन्हे आढळतात. मात्र ही चिन्हे असलेल्या प्रत्येकाला विकार होतोच असे नाही. दिल्ली परिसरात झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामुदायिक पाहणीत हा विकार सुमारे ९६ व्यक्तींमागे एकाला आढळला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या तीन विभागांतील अभ्यासात उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के असे प्रमाण नोंदले गेले. या विभागांतील गव्हाच्या वापरातील तफावत या संदर्भात महत्त्वाची मानली जाते. महाराष्ट्र हा गहू, ज्वारी व तांदूळ या तिन्ही आहारपरंपरांच्या सीमेवरचा प्रदेश आहे. ज्वारीच्या भाकरीची जागा गव्हाच्या पोळीने घेतल्याचे आपल्या अनेक घरांनी गेल्या दोन-तीन पिढ्यांत अनुभवले आहे. म्हणून हा विषय केवळ उत्तर भारताचा राहत नाही.

गव्हाचा आणि या विकाराचा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाकडे जाते. त्याचे निरीक्षण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच सुरू झाले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई निर्माण झाली व पाव मिळेनासा झाला, तेव्हा सेलिअ‍ॅकग्रस्त मुलांची प्रकृती सुधारल्याचे आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती बिघडल्याचे दिसून आले. १९५० मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. आजही उपचाराचा पाया तोच आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. या विकाराचे निदान रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि गरजेनुसार दुर्बिणीद्वारे आतड्याचा तुकडा तपासून केले जाते. तपासणीपूर्वीच गहू बंद केल्यास प्रतिपिंडे घटतात, अस्तर सुधारू लागते आणि निदान चुकू शकते. म्हणून शंका आल्यास प्रथम तपासणी व नंतर पथ्य हा क्रम पाळावा.

३. 'थोडेसे' म्हणजे किती?

पथ्याविषयी होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ 'थोडेसे' या शब्दात आहे. म्हणून त्याचे मोजमाप करणे उचित ठरेल.

एका मध्यम पोळीस साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. गव्हाच्या पिठात ग्लुटेनचे प्रमाण स्थूलमानाने दहा टक्के धरल्यास एका पोळीत सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियंत्रित चाचणीत, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यास आतड्याच्या अस्तराची हानी होते, असे आढळून आले. ५० मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा साठावा भाग होय. रोज १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुसंख्य रुग्णांना सोसवते, असे सामान्यतः मानले जाते. हा पोळीचा तीनशेवा भाग झाला. 'अर्धी पोळी' या मर्यादेच्या दीडशे पट आहे.

या विचारातूनच आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने (कोडेक्स) २००८ मध्ये सुधारलेल्या मानकात 'ग्लुटेनमुक्त' या शब्दासाठी दर किलोग्रॅमला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरविली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही हीच मर्यादा स्वीकारली आहे. दिवसभरात अशा प्रकारचे अर्धा किलो अन्न खाल्ले, तरी पोटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम ग्लुटेन जाईल, असा हा हिशेब आहे. २० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असलेल्या, खास प्रक्रिया केलेल्या अन्नाचा वर्ग वेगळा आहे. 'कमी ग्लुटेन' आणि 'ग्लुटेनमुक्त' हे समानार्थी शब्द नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

४. वेष्टनावरील मजकूर आणि कायद्याची चौकट

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये वेष्टनबंद अन्नावर घटकसूची देणे बंधनकारक आहे. वेष्टनावरील मजकुरासंबंधी २०११ मध्ये नियम झाले व त्यानंतर २०२० मध्ये नवे विनियम अधिसूचित झाले. सेलिअ‍ॅक रुग्णाच्या दृष्टीने त्यांतील पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत.

(अ) घटकांचा क्रम : घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिले जातात. वेष्टनावर नाचणीचे चित्र असले, तरी सूचीत मैदा किंवा गव्हाचे पीठ पहिल्या स्थानी असेल, तर ते मूलतः गव्हाचेच बिस्किट होय. 'मल्टीग्रेन' या शब्दातही गहू बहुधा अंतर्भूत असतो.

(आ) संयुक्त घटक : एखादा घटक स्वतःच अनेक घटकांचा बनलेला असेल, तर कंसात त्याचे घटक देणे अपेक्षित असते. परंतु असा संयुक्त घटक एकूण अन्नाच्या पाच टक्क्यांहून कमी असल्यास त्याची फोड करून देण्यापासून सूट आहे. चिवड्याच्या पाकिटावर नुसते 'मसाला' किंवा 'हिंग' एवढेच लिहिलेले दिसते, त्याचे कारण हे आहे.

(इ) अ‍ॅलर्जीकारक घटकांची घोषणा : २०२० च्या विनियमांनुसार गहू, राय, जव, ओट्स, स्पेल्ट ही ग्लुटेनयुक्त धान्ये व त्यांपासूनची उत्पादने वापरली असल्यास 'कन्टेन्स' या शब्दाने सुरू होणारी स्वतंत्र घोषणा करावी लागते. पाच टक्क्यांच्या सवलतीमुळे सूचीत न दिसणारा गहू या घोषणेत दिसण्याची शक्यता असते. म्हणून घटकसूची संपली तरी वाचन थांबवू नये. सूचीच्या खालची ठळक ओळ अवश्य पाहावी.

(ई) 'मे कन्टेन' : एकाच कारखान्यात गव्हाचे पदार्थही तयार होत असतील, तर अपघाताने मिसळण्याच्या शक्यतेची सूचना या शब्दांनी देता येते. परंतु ही सूचना देणे उत्पादकाच्या इच्छेवर आहे. तिचा अभाव ही शुद्धतेची हमी नव्हे.

(उ) लहान वेष्टने : १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी पृष्ठभाग असलेल्या वेष्टनांवर घटकसूची देण्यापासून सूट आहे. मसाल्यांच्या लहान पुड्या या सवलतीत मोडतात.

(ऊ) भाषा : आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा, एवढेच नियमांना अपेक्षित आहे. मराठी ऐच्छिक आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की घरात रांधणारी आजी किंवा वसतिगृहातील स्वयंपाकीण काका-काकू यांच्यापर्यंत हा मजकूर पोहोचतच नाही.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी देशोदेशींचे फरकही जाणून घ्यावेत. अमेरिकेच्या २००४ च्या अ‍ॅलर्जीविषयक कायद्यात गव्हाची घोषणा सक्तीची आहे. जव व राय यांचा त्या यादीत समावेश नाही. तेथील पाकिटावर गव्हाचा उल्लेख नसला, तरी 'माल्ट' या रूपात जव असू शकतो. युरोपीय संघाच्या नियमांत मात्र ग्लुटेनयुक्त सर्वच धान्यांचा उल्लेख आवश्यक असतो.

५. शब्दांमागील धान्य

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गहू, जव व राय ही तृणकुलातील एकाच उपगटाची धान्ये आहेत. म्हणून त्यांतील प्रथिनांत साम्य आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका व वरई ही त्याच कुलातील असली तरी दूरची नातलग आहेत व त्यांत सेलिअ‍ॅक रुग्णास अपायकारक ग्लुटेन नसते. राजगिरा, शिंगाडा आणि कुट्टू तर तृणकुलातीलच नव्हेत.

वेष्टनावर गहू अनेक नावांनी वावरतो. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा, 'सेमोलिना' किंवा 'सूजी' म्हणजे रवा, 'ब्रोकन व्हीट' म्हणजे दलिया, 'व्हर्मिसेली' म्हणजे बहुधा गव्हाच्या शेवया. 'ड्युरम', 'स्पेल्ट' आणि 'ट्रिटिकेल' हेही गव्हाचेच प्रकार वा संकर आहेत. 'व्हाइटल ग्लुटेन' हे तर साक्षात वेगळे काढलेले ग्लुटेन होय. 'बार्ली' किंवा हिंदीतील 'जौ' म्हणजे जव. 'माल्ट' व 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट' सहसा जवापासून बनतात आणि दुधात घालावयाच्या पेयपावडरी, कॉर्नफ्लेक्स व चॉकलेटे यांत आढळतात. मक्याचे कॉर्नफ्लेक्स माल्टमुळे निषिद्ध ठरू शकतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पारंपरिक पद्धतीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहू असतो. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' हे कोणत्या वनस्पतीचे, याचा खुलासा पाहावा.

लिप्यंतराचाही एक सापळा आहे. देवनागरीत लिहिलेले 'राय' हे धान्य आणि फोडणीची 'राई' यांत केवळ एका अक्षराचे अंतर आहे. मोहरी निर्धोक आहे; राय नाही. दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या वाचकाने अशा ठिकाणी इंग्रजी मजकूर पडताळून पाहावा.

ओट्सची स्थिती किंचित वेगळी आहे. त्यातील प्रथिन बहुतेक रुग्णांना सोसते. परंतु शेतापासून कारखान्यापर्यंत त्यात गहू व जव मिसळण्याची शक्यता मोठी असते. म्हणून ग्लुटेनमुक्त असे प्रमाणित केलेले ओट्स, तेही वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावेत.

६. हिंग : एक बोलके उदाहरण

महाराष्ट्रीय स्वयंपाकात हिंगाशिवाय फोडणी नाही. बाजारात मिळणारा हिंग मात्र सहसा शुद्ध नसतो. शुद्ध हिंगाचा राळेसारखा चीक अत्यंत उग्र असल्यामुळे तो डिंक व पीठ यांत मिसळून विकला जातो. यालाच 'बांधानी हिंग' म्हणतात. ही भेसळ नव्हे. अन्नमानकांत या प्रकाराची व्याख्याच 'हिंग, डिंक आणि खाद्य स्टार्च अथवा धान्याचे पीठ यांचे मिश्रण' अशी आहे. वापरलेल्या स्टार्चचे किंवा पिठाचे प्रमाण डबीवर नमूद करावे, असेही मानक सांगते. हे पीठ अनेक उत्पादनांत गव्हाचे असते. काहींत तांदळाचे असते.

आता हिशेब करून पाहू. समजा, चार माणसांच्या घरात आमटी, भाजी व कोशिंबीर मिळून दिवसाला एक ग्रॅम हिंग लागतो आणि त्यातील निम्मा भाग गव्हाच्या पिठाचा आहे. म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ, अर्थात सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लुटेन. चार जणांत विभागल्यास प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ मिलिग्रॅम येते. ताटात गव्हाचा एकही पदार्थ नसताना दिवसाची संपूर्ण सुरक्षित मर्यादा केवळ फोडणीनेच संपते. हा आकडा गृहीतकांवर आधारलेला आहे. हिंग कमी लागत असेल तर तो खाली येईल, घरी पापड, लोणचे व फरसाण असेल तर वर जाईल. परंतु 'चिमूटभराने काय होते' या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते.

अनेक रुग्ण पोळी सोडूनही बरे होत नाहीत, तेव्हा 'पथ्य पाळत नाही' असा ठपका त्यांच्यावर येतो. कित्येकदा पथ्य मनापासून पाळलेले असते. पण डबीवरील बारीक अक्षरे कोणी वाचलेली नसतात. उपाय मात्र सोपा आहे. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग घ्यावा, अथवा हिंग वगळून जिरे, लसूण किंवा कढीपत्ता यांची फोडणी करावी. एका रुग्णासाठी घरातील सर्वांचाच हिंग बदलणे हे दोन डब्या ठेवण्यापेक्षा अधिक निर्धोक ठरते.

७. वेष्टन नसलेले अन्न

आपल्या आहाराचा मोठा भाग वेष्टनाबाहेरचा आहे. तेथे वाचण्याजोगी सूची नसते, विचारावे लागते.

थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर गहूही भाजून घातला जातो. मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहू असतो. महाराष्ट्रातील सातूच्या पिठात गहू व डाळे असते, तर बिहारमधील सत्तू मुख्यतः हरभऱ्याचा असतो. म्हणजे एकाच नावाचा पदार्थ प्रांत बदलताच पथ्यात किंवा कुपथ्यात मोडतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात, हे त्यांच्या पांढऱ्या रंगामुळे ध्यानात येत नाही. खपली गहू पचण्यास हलका म्हणून अलीकडे महाग विकला जातो. परंतु तोही गहूच आहे आणि सेलिअ‍ॅक रुग्णास तितकाच वर्ज्य आहे. गृहउद्योग व बचतगटांची उत्पादने चवीस उत्तम असली, तरी त्यांच्या पाकिटांवरील माहिती कित्येकदा त्रोटक असते.

गिरणीचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. एक किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ केवळ एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मिसळले, तर त्यात सुमारे ५०० मिलिग्रॅम ग्लुटेन येते. हे प्रमाण २० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या पंचवीस पट आहे. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, तर एवढे पीठ आत शिल्लक असणे सहज शक्य आहे. 'ज्वारीवर ज्वारी दळा' असे आपण चवीसाठी गिरणीवाल्यास पूर्वापार सांगत आलो आहोत. रुग्णासाठी तेही पुरेसे नाही. घरगुती आटाचक्की केवळ ग्लुटेनविरहित धान्यांसाठी राखून ठेवणे हा अधिक खात्रीचा मार्ग होय. ही अडचण आपल्यापुरती मर्यादित नाही. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मूळचे ग्लुटेनविरहित असलेल्या धान्यांच्या व पिठांच्या २२ नमुन्यांपैकी ७ नमुन्यांत ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते.

८. अनाठायी भीतीचे निराकरण

सावधगिरीचे रूपांतर भीतीत झाले, तर रुग्णाचा आहार विनाकारण आकुंचित होतो. वाढत्या वयातील मुलांचे यामुळे नुकसान होते. म्हणून निर्धोक गोष्टींची ओळखही तितकीच महत्त्वाची आहे.

'मोनोसोडियम ग्लूटामेट' या नावात ग्लुटेनशी ध्वनिसाम्य असले, तरी त्यात ग्लुटेन नसते. चिकट भाताच्या तांदळास इंग्रजीत 'ग्लुटिनस' म्हणतात. तो शब्द केवळ चिकटपणा दर्शवितो. 'बकव्हीट' म्हणजे कुट्टू. त्याच्या इंग्रजी नावात गहू असला, तरी धान्यात नाही. 'माल्टोडेक्स्ट्रिन' हे नाव माल्टची आठवण करून देते. पण ते सहसा मका किंवा टॅपिओकाच्या स्टार्चपासून बनते व सामान्यतः चालते. उलटपक्षी, शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह, 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'साखरविरहित' हे शब्द ग्लुटेनविषयी काहीही सांगत नाहीत.

आपल्या परंपरेतच एक आधार दडलेला आहे. उपवासाचे राजगिरा, वरई, शिंगाडा, साबुदाणा, शेंगदाणे व रताळी हे जिन्नस मुळात ग्लुटेनविरहित आहेत आणि बहुतेक घरांत उपवासाच्या फोडणीत हिंगही नसतो. शिंगाड्याचे पीठ किंवा राजगिऱ्याचे पीठ कोठे दळले व भरले, एवढी चौकशी केली, की एकादशीची फळी रुग्णाच्या रोजच्या आहारास मोठा हातभार लावू शकते. भात-आमटी, भाकरी-पिठले, घावन, तांदळाची उकड हे पदार्थ तर आहेतच.

९. वाचनाची पद्धती

उपरोक्त विवेचनावरून कोणत्याही पदार्थाबाबत तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे सुचवावेसे वाटते.

पहिला प्रश्न : हा पदार्थ कशाचा आहे? याचे उत्तर घटकसूचीत व 'कन्टेन्स' या ओळीत शोधावे. पुढच्या बाजूचे चित्र व घोषवाक्य विचारात घेऊ नये.

दुसरा प्रश्न : त्यातील घटक कशाचे आहेत? मसाला, हिंग, सॉस, माल्ट, स्टार्च असे शब्द आढळल्यास एक पायरी खाली उतरावे. माहिती न मिळाल्यास वेष्टनावरील ग्राहकसेवा क्रमांकावर विचारणा करावी. औषधांच्या गोळ्यांबाबतही औषधविक्रेत्याकडे वा उत्पादकाकडे अशीच चौकशी करावी.

तिसरा प्रश्न : या पदार्थाला कशाचा स्पर्श झाला आहे? कारखाना, गिरणी, तळणीचे तेल, तवा, पोळपाट व डाव यांचा विचार येथे येतो. ज्या तेलात मैद्याचे समोसे तळले, त्याच तेलात तळलेला साबुदाणावडा रुग्णास चालत नाही.

यांखेरीज एक नियम कायम पाळावा : ओळखीच्या उत्पादनाचे वेष्टनही प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने वाचावे. उत्पादक घटक बदलतात; डबीचा रंग तोच राहतो. जेथे तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नाहीत, तेथे तो पदार्थ टाळणेच श्रेयस्कर.

१०. महाविद्यालयांची भूमिका

सेलिअ‍ॅक विकार असलेला विद्यार्थी घर सोडून वसतिगृहात येतो, तेव्हा आईने वर्षानुवर्षे वाचलेली वेष्टने एकाएकी त्याच्या जबाबदारीची होतात. खानावळीत त्याला 'लाडावलेला' ठरविले जाण्याचा संभव असतो. समूहात वेगळे दिसू नये म्हणून तो पथ्य मोडतो आणि पुढील परीक्षेच्या काळात आजारी पडतो. ही बाब शिस्तीची नसून आरोग्याची आहे, हे प्राध्यापकवर्गाने समजून घेणे अगत्याचे आहे.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. उपाहारगृहात पदार्थांसमोर घटकांचा फलक लावता येईल. वसतिगृहात तांदळाच्या पिठातील हिंग, एक स्वतंत्र तवा आणि भाकरीची सोय करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरापूर्वी विद्यार्थ्यांच्या आहारविषयक गरजांची नोंद घेता येईल. गृहविज्ञान विभागाने स्थानिक भाजण्या व मसाले यांच्या घटकांचे संकलन करावे; वनस्पतिशास्त्र विभागाने धान्यांच्या नात्यांचा तक्ता तयार करावा; आणि मराठी विभागाने वेष्टनांवरील इंग्रजी-हिंदी संज्ञांचा एक छोटा मराठी कोश सिद्ध करावा. शेवटचे कार्य किरकोळ वाटेल. परंतु स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या भाषेत माहिती पोहोचली, तरच ती ताटापर्यंत जाते.

११. समारोप

सेलिअ‍ॅक रुग्णाचे आरोग्य दोन गोष्टींवर अवलंबून असते : वेष्टनावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही. पहिल्यासाठी साक्षरता लागते, दुसऱ्यासाठी आपल्याच स्वयंपाकघराचे ज्ञान लागते. कायद्याने घटकांची घोषणा सक्तीची केली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु हिंगाची डबी, भाजणीचा डबा आणि गिरणीचे जाते यांच्याबाबत अंतिम तपासनीस घरातील माणूसच असतो. त्या माणसाच्या हाती योग्य प्रश्न देणे, हे शिक्षणाचे काम आहे. पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी 'मला हे चालत नाही' असे म्हणेल, तेव्हा आग्रह करण्याऐवजी आपण त्याच्यासोबत डबीवरील बारीक अक्षरे वाचू शकलो, तर प्रस्तुत लेखाचा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल.